मॉरिशसने जमातींचे फुटबॉल क्लब मोडले, ते योग्य होतं का?

आझाद मैदानकर

मॉरिशसच्या १९९८-९९ च्या लीगबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तिथे मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि प्रश्नही आपल्या घरचाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेट साधारण बारा लाख वस्तीचं. मोठे क्लब जमातींचे: हिंदू कॅडेट्स, तमिळ कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा डोडो. फायर ब्रिगेडमागे क्रिओल (आफ्रिकी गुलामांच्या वंशातले) प्रेक्षक. १९८० च्या दशकात सरकारने क्लबांच्या नावातून धर्म आणि जमात काढायला लावली. हिंदू कॅडेट्स नुसते कॅडेट्स झाले, तमिळ कॅडेट्सचं सनराइज झालं, मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब. पाटी बदलली, स्टँडमधली माणसं होती तीच राहिली.

फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली उसळल्या. ते निवळतंय तोवर २३ मे उजाडला. आंजले स्टेडियमवर स्काउट्स विरुद्ध फायर ब्रिगेड, विजेतेपद ठरवणारा सामना. स्काउट्स हरले. चिडलेला जमाव पोर्ट लुईमध्ये शिरला, जाळपोळ झाली, आणि लामिकाल नावाच्या जुगारघराला लावलेल्या आगीत सात जण मेले. त्यांत मुलंही होती. त्यानंतर दीड वर्ष देशात लीग फुटबॉल बंद होतं. परत सुरू झालं ते नवीन नियमावर: क्लब विभागाचे, जमातीचे नाहीत. पाँप्लमूस, सावान, क्युरपीप, पोर्ट लुई अशा गावाजिल्ह्यांच्या नावाने संघ उभे राहिले.

माझं मत स्पष्ट आहे. हे करायलाच हवं होतं, आणि वीस वर्षं आधी करायला हवं होतं. मुंबईने हे क्रिकेटच्या पंचरंगी सामन्यांच्या बाबतीत केलं. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट' (म्हणजे उरलेल्यांचा) असे संघ होते. गांधीजींनी १९४० मध्ये विरोध केला, तरी १९४६ पर्यंत गाडं रेटलं गेलं. बंद झाल्यावर मुंबईचं क्रिकेट मेलं का? उलट रणजीवर मुंबईने राज्य केलं.

फोंडेकर

पंचरंगीची तुलना मला पटत नाही. रणजी करंडक १९३४ पासून चालू होता. पंचरंगी बंद झाली तेव्हा प्रांताचा संघ आधीच उभा होता, जिमखाने होते, मैदानं होती, पाठोपाठ १९४८ मध्ये मुंबईच्या क्लबांची कांगा लीग आली. प्रेक्षकाला जायला दुसरं घर तयार होतं. मॉरिशसमध्ये जुनं घर पाडलं आणि नवीन घराचा नकाशा सरकारी कचेरीत काढला.

परिणाम काय झाला? आज तिथल्या लीगच्या सामन्यांना माणसं तुरळक असतात. १९८०-९० च्या दशकांत हजारोंनी भरणारी स्टेडियमं ओस पडली. लोक फुटबॉल सोडून गेले म्हणावं, तर तसंही नाही. शनिवारी-रविवारी सगळं बेट इंग्लिश प्रीमियर लीग बघतं. २०२० मध्ये तर सरकारनेच लिव्हरपूलशी भागीदारी केली. पर्यटनाच्या जाहिरातीसाठी परदेशी क्लबवर खर्च, आणि स्वतःच्या क्लबला प्रेक्षक नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोव्यात आम्हाला हे ठाऊक आहे. सासष्टीत गावागावांच्या स्पर्धांना जी गर्दी होते ती कोणी हुकूम काढून जमवलेली नाही. दुसरीकडे राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकलेल्या धेंपो क्लबने २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांसोबत आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. क्लब कागदावर असतो तोवर नुसता संघ असतो. माणसं मागे उभी राहिली की तो क्लब होतो.

मॉरिशसकर

मी कात्र बॉर्नचा. आमच्याकडे मराठी शाळेत शिकवतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि आमच्या घरातले थोरले कॅडेट्सचे होते. त्यामुळे जुन्या क्लबांवरचं प्रेम मला कोणी समजावून सांगायला नको.

फोंडेकर, तुम्ही गर्दीबद्दल लिहिलंत. गर्दी होती, खरं आहे. पण त्या गर्दीत कोण येऊ शकत होतं? आमचे काका मोठ्या सामन्याला जाताना घरी परतायचा रस्ता आधी ठरवून जायचे. बायका-मुलांना न्यायचा प्रश्नच नव्हता. गोल झाला की खेळाडूच्या नावाने ओरडायच्या ऐवजी समोरच्या जमातीला शिव्या. संघात तोवर वेगवेगळ्या जमातींचे खेळाडू आले होते, तरी स्टँडमध्ये काही फरक पडला नव्हता. हे १९९९ च्या आधी कितीतरी वर्षं चालू होतं. २३ मेला सात जण मेले म्हणून जगाला कळलं.

तुम्ही म्हणता माणसं मागे उभी राहिली की क्लब होतो. आमच्याकडे माणसं उभी होती. काय करायला उभी होती, तेही विचारा.

कोपऱ्यातला झेंडा

दोघांचंही वाचलं. मला आकड्यांच्या बाजूने एक सांगायचंय. विभागीय पद्धतीने फुटबॉल बुडालं असं सरसकट म्हणतात, पण २००३ च्या हिंद महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धेत मॉरिशसने घरच्या मैदानावर शेजारच्या रेयुनियों बेटाला हरवून फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं. नवीन व्यवस्था तेव्हा तीनच वर्षांची होती.

फोंडेकर

आणि १९८५ चं सुवर्ण? तेही घरच्याच मैदानावर, जुन्या क्लबांच्या काळात. १९७४ मध्ये तर मॉरिशस आफ्रिकन नेशन्स कपला पोचलं होतं, एकदाच. इजिप्तमध्ये तिन्ही सामने हरले, पण पोचले. त्यानंतर पन्नास वर्षांत पुन्हा नाही. सुवर्णपदकाने वाद मिटणार नाही.

मॉरिशसकर, तुमचं दुःख मला कळतं. काकांचा रस्ता मी विसरणार नाही. मी जमातीचे क्लब परत आणा म्हणतच नाही. माझा मुद्दा इतकाच: स्काउट्स, फायर ब्रिगेड, सनराइज यांच्याकडे प्रशिक्षक होते, पोरं घडवायची सवय होती, वर्गणी देणारे लोक होते. दंगलखोरांना शिक्षा करा, मैदानात बंदी घाला, सदस्यत्व सगळ्यांना खुलं करा, कार्यकारिणीत इतर जमातींचे लोक सक्तीने घ्या. पण क्लबच पुसून टाकला की त्याच्याबरोबर हे सगळं पुसलं जातं. ते परत कोणी उभं केलं?

आझाद मैदानकर

"सदस्यत्व खुलं करा" हे १९८० च्या दशकात करून बघितलंच की. नाव बदललं, दार उघडं ठेवलं, आत कोणी आलं नाही.

पंचरंगीबद्दलही थोडं. आपण विजय हजारेंचं कौतुक करतो, करायलाच हवं: १९४३-४४ मध्ये 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी एकट्याच्या ३०९. पण ते 'रेस्ट'कडून का खेळले? ख्रिस्ती होते म्हणून. पळवणकर बाळूंसारखा दलित गोलंदाज हिंदू संघाला सामने जिंकून देत राहिला आणि कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही १९२३ मध्ये, मोठ्या वादानंतर. जमातीचा संघ बाहेरच्याला दूर ठेवतोच, आतल्यालाही पायरी दाखवतो. असा संघ सुधारून चांगला होईल यावर माझा विश्वास नाही.

कोपऱ्यातला झेंडा

पण विठ्ठल कर्णधार झाले ना? आतून दबाव आला म्हणूनच. संघ होता म्हणून भांडायला जागा होती. पुसून टाकल्यावर कोणाशी भांडणार?

मॉरिशसकर

भांडायला जागा हवी हे मान्य. त्यासाठी सात जीवांची किंमत मान्य नाही.

फोंडेकरांचा एक मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो: नवीन क्लब लोकांच्या हातात दिले नाहीत. विभागाचं नाव दिलं, जर्सी दिली, आणि सरकारी अनुदानावर चालवले. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग काढली, तीही वरूनच. वाकवा-फिनिक्सच्या संघात वाकवाच्या माणसाला मत नाही, मग तो का येईल? तो लिव्हरपूल बघतो. आणि एक लक्षात घ्या, लिव्हरपूल-मँचेस्टरच्या वादात आमच्याकडे हिंदू, मुस्लिम, क्रिओल एकाच बाकावर बसतात. जमात सोडून क्लबवर प्रेम करायला लोक तयार आहेत. त्यांच्या स्वतःच्या गावाचा क्लब त्यांना मिळालेला नाही.

म्हणून माझी मागणी जुने क्लब परत आणायची नाही. विभागीय क्लबांची नोंदणी वर्गणीदार सभासदांच्या नावे करा, अध्यक्ष त्यांनी निवडावा, आणि त्या विभागातल्या शाळांची मुलं त्याच क्लबच्या वयोगट संघांत खेळावीत.

फोंडेकर

सभासदांनी निवडायचं म्हटलं की पहिल्या निवडणुकीत जमातीचं गणित मांडलं जाईल. त्याचं काय करणार? तुम्ही तिथे राहता, तुम्हीच सांगा.

मॉरिशसकर

मांडलं जाईल. आमच्या प्रत्येक निवडणुकीत मांडलं जातं. पण क्युरपीपचा क्लब एकाच जमातीने चालवायचा म्हटला तर ते जमणारच नाही, तेवढी एका जमातीची माणसंच तिथे नाहीत. तडजोड करावी लागेल. स्काउट्सला आणि कॅडेट्सला ती कधी करावी लागली नव्हती.