लंडन ते पॅरिस विमानाने 'सव्वा तास', हा आकडा धरून प्लॅन करूच नका

भटकी_जमात: युरोप ट्रिप ठरवताना लोक अंतर बघतात, सरळ रेषेत साधारण 344 किमी, विमान सव्वा तास, आणि लगेच विमान बुक करून मोकळे. अहो त्यात हवेतला वेळ जेमतेम पाऊण तास असतो, बाकी सगळं रनवेवर जाण्यायेण्यात. शिवाय मध्य लंडनहून हीथ्रो विमानतळावर पिकाडिली लाइनच्या मेट्रोने तासभर, दोन तास आधी पोचायचं, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर इमिग्रेशनची रांग, बॅगेची वाट आणि मग आरईआर बी ही लोकल पकडून गार द्यू नॉर, म्हणजे पॅरिसचं मोठं स्टेशन. पाच तास सहज जातात. युरोस्टार ट्रेन लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून सव्वादोन-अडीच तासात पोचवते आणि फ्रान्सचं इमिग्रेशन लंडनमध्येच गाडीत बसायच्या आधी होतं, पॅरिसला उतरलात की थेट रस्त्यावर. माझ्या मते या रूटवर विमानाचा विचारच नको.

हाउन्स्लोकर: 'विचारच नको' हे पटलं नाही. लंडन म्हणजे फक्त सेंट्रल लंडन नाही हो. आपली कितीतरी मंडळी हाउन्स्लो, स्लाऊ या बाजूला राहतात, आम्हाला हीथ्रो दाराशी आहे. दोन पोरं आणि बॅगा घेऊन सेंट पँक्रस गाठायचं म्हणजे उलट दिशेला, तेही गर्दीच्या वेळी. आणि तिथेही तास-सव्वा तास आधी या म्हणतातच, तो तुम्ही धरलाच नाही.

भटकी_जमात: तो धरला तरी चार तासांच्या आत होतं. बाकी हीथ्रोजवळ राहणाऱ्यांचं गणित वेगळं, हे मान्य.

मीनल_पुणे: मला तिकिटावर साडेतीन तास दिसतायत, तुमचे सव्वादोन-अडीच तास कुठून आले?

भटकी_जमात: पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे, तिकिटावर दोन्हीकडची लोकल वेळ असते. येताना उलटं, तास परत मिळतो.

खर्चाचं_बोला: वेळेवरच भांडताय, पैशाचं कोणीच बोलत नाही. आयत्या वेळी चौघांची युरोस्टारची तिकिटं काढा म्हणजे कळेल, सुट्टीच्या सीझनला तर भाव बघवत नाही. विमान कितीदा स्वस्त पडतं, आणि मध्यमवर्गीय माणसाने तास-दीड तास वाचवायला एवढे पैसे का घालवायचे?

रुळावरचा: स्वस्त विमानाच्या भाड्यात मोठ्या बॅगेचे पैसे धरलेत का? युरोस्टारला साध्या तिकिटावर दोन बॅगा आणि वर एक हातातली चालते, द्रव पदार्थ 100 मिलीपर्यंतच न्या, असली भानगड नाही, लोणच्याची बरणी सोबत नेता येते. आणि 344 किमी हे पक्ष्याचं अंतर झालं, रूळ 492 किमीचे आहेत, त्यात समुद्राखालून जाणारा 50 किमीचा चॅनल टनेल, तरीही गाडी 300 च्या स्पीडने वेळेत पोचते. फ्रान्सने 2023 पासून पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून बोर्दो, नांत, लियाँची विमानं बंद केली ती ट्रेन अडीच तासांच्या आत पोचवते म्हणूनच. तो नियम देशांतर्गत आहे, पण हिशोब तोच लागू पडतो.

खर्चाचं_बोला: बॅगेचं बरोबर आहे. पण ज्याचं मुंबईहून पॅरिसपर्यंत एकच तिकीट आहे आणि हीथ्रोला फक्त विमान बदलायचंय, त्याने शहरात येऊन ट्रेन पकडायची का? सरसकट सल्ला देऊ नका.

रुळावरचा: त्याने विमानच घ्यावं. पण लंडन फिरून मग पॅरिस करणाऱ्याने जाताना मुंबई-लंडन आणि परतीचं पॅरिस-मुंबई असं तिकीट काढावं, मधे ट्रेन. फक्त यूकेचा आणि शेंगेन (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच) असे दोन्ही व्हिसा हातात हवेत, शेंगेन नसेल तर सेंट पँक्रसलाच अडवतील.