आजीच्या ट्रंकेतील कागदांचे कोलाज: मूळ कागद चिकटवावा की त्याची प्रत?

कात्रणवही (कसबा पेठ) यांचा प्रश्न

नमस्कार. मी व्यावसायिक चित्रकार नाही. नोकरी सांभाळून गेली सहा वर्षे कोलाज आणि मिश्र माध्यमात काम करते. आजी गेल्यानंतर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेतून निळी आंतर्देशीय पत्रे, पीएमटीची (पुण्याच्या जुन्या शहर बससेवेची) तिकिटे, जुन्या रेशनकार्डाची सुटी पाने, कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे लावलेल्या लग्नपत्रिका आणि तळाशी अंथरलेली वर्तमानपत्रे निघाली. त्यांतून मी बारा चित्रांची मालिका केली. कागद हार्डबोर्डवर सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवले आणि वरून अॅक्रिलिकचे पातळ हात दिले.

दोन पावसाळे गेले. वर्तमानपत्राचे तुकडे काळ्या चहाच्या रंगाचे झाले आहेत, आंतर्देशीय पत्रांवर आडव्या सुरकुत्या उठल्या आहेत, दोन बोर्डांना कमान आली आहे आणि पत्रिकांवरची हळदीची बोटे, ज्यांच्यासाठी मी त्या पत्रिका घेतल्या होत्या, ती जवळजवळ दिसेनाशी झाली आहेत. फ्रेम उघडली तेव्हा मागे साधा करडा पुठ्ठा आणि पुढे चित्राला थेट टेकलेली काच निघाली. फ्रेम करणाऱ्यांना विचारले, तर ‘आम्ही सगळ्यांना असेच करून देतो’ असे उत्तर मिळाले, आणि या उत्तरानंतर आपल्या शहरात संभाषण पुढे जात नसते.

माझे प्रश्न दोन आहेत. चिकटवण्यासाठी आणि आधारासाठी काय वापरावे? आणि मुळात असे कागद चित्रात घालावेत, की त्यांच्या प्रती काढून त्या वापराव्यात? आजचे नामवंत कलावंत हा प्रश्न कसा सोडवतात?

टिपकागद यांचे उत्तर

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे दुरुस्तीवाल्याच्या अंगाने येईल.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा यांत्रिक लगदा करून बनवतात. त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, आणि उजेड व हवा लागली की ते तपकिरी होते. हे तुमच्याच हातून घडले असे समजू नका. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२च्या सुमारास चिकटवलेली वर्तमानपत्रेही आज तपकिरीच दिसतात. करडा पुठ्ठा रद्दीपासून बनतो व बहुधा आम्लयुक्त असतो, त्यामुळे तो मागून तेच काम अधिक वेगाने करतो.

हळदीचे कारण तर घरातच सापडेल. साडीवर सांडलेल्या आमटीचा पिवळा डाग धुऊन जात नाही आणि उन्हात वाळत घातला की जातो. पत्रिकेवरची बोटेही तशीच गेली आहेत. तो रंग परत आणता येत नाही. कुंकवाबाबत एक गोष्ट सांगून ठेवतो: पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याचा संस्कार देऊन लाल करतात, त्यामुळे त्यावर आम्लधर्मी काही लागले तर ते पुन्हा पिवळटाकडे झुकते; हल्लीचे कुंकू पुष्कळदा कृत्रिम रंगाचे असते आणि पाणी लागताच पसरते. म्हणून कोणताही द्राव लावण्याआधी कोपऱ्यावर ओल्या कापसाच्या टोकाने तपासून पाहावे.

आता गोंदाविषयी. सुताराचा पांढरा गोंद लाकडासाठी उत्तम असतो, परंतु वाळल्यावर तो कागदातून सहज सुटत नाही आणि जुना होताना थोडे आम्लही सोडतो. आम्ही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो. मैद्याची नव्हे, सत्त्वाची: मैद्यातील चिकट प्रथिनावर कसर आणि झुरळे येतात. एक वाटी सत्त्व चार ते पाच वाट्या पाण्यात तासभर भिजवावे, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत काचेसारखे पारदर्शक होईपर्यंत शिजवावे, गार करून बारीक चाळणीतून दोनदा घासून काढावे आणि वापरताना दुधाइतके पातळ करावे. ती तीन-चार दिवसांत आंबते. तेव्हा टाकून द्यावी. जुने बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालत, कारण त्याने कीड लागत नाही. परंतु तांब्याचा अंश कागद जाळतो, म्हणून तो मोह टाळावा. खळीचा खरा गुण असा की पन्नास वर्षांनंतरही ओलसर टिपकागद ठेवला, तर चिकटवलेला तुकडा सुखरूप उचलता येतो.

सुरकुत्यांचे कारण कागदाच्या धाग्यात, म्हणजे त्यातील तंतूंच्या दिशेत आहे. यंत्रावर बनलेला कागद ओला झाल्यावर धाग्याच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो. पट्टी फाडून पाहावी. जिकडे सरळ फाटते ती धाग्याची दिशा. तुकडा आणि आधार यांचे धागे एकाच दिशेने ठेवावेत, खळ लावल्यावर कागद पुरता फुगेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच चिकटवावा. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तितक्याच जाडीचा कागद चिकटवला, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होऊन कमान येत नाही.

बोहरी आळी यांचे उत्तर

आधाराविषयी एवढेच: हार्डबोर्ड सोडा. आम्लमुक्त माउंटबोर्ड (चित्र बसवण्याचा जाड पुठ्ठा) घ्या, काच आणि चित्र यांच्यात माउंटच्या पट्टीचे अंतर ठेवा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे वाड्याच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती जरा सुटी राहील. बुचे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दुकानदार ‘कशाला हवीत?’ असे विचारेल, त्याला उत्तर देऊ नका.

तिरपी रेघ यांचे उत्तर

मी कोलाज शिकवते, आणि माझे मत स्पष्ट आहे: प्रती वापराव्यात. अनेकांना हे अप्रामाणिक वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पिकासोच्या १९१२च्या ज्या चित्राला कोलाजचा आरंभ मानतात, त्यात खुर्चीच्या वेताची वीण दिसते. परंतु ती वीण वेताची नाही, वेताची नक्षी छापलेले मेणकापड आहे. त्याच वर्षी ब्राकने चित्रात घातलेले लाकूड म्हणजे लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद होता. म्हणजे या माध्यमाच्या पहिल्याच पावलाला वस्तूऐवजी वस्तूची प्रत आली. आजचे उदाहरण हवे असेल तर नायजेरियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या न्जिदेका अकुन्यिली क्रॉस्बी यांचे पाहावे. घरची छायाचित्रे आणि नायजेरियन मासिकांतील चित्रे त्या द्रावकाच्या साहाय्याने कागदावर उतरवतात. उतरताना प्रतिमा थोडी फिकट, थोडी तुटक होते, आणि त्या तुटकपणातूनच आठवणीचा पोत तयार होतो.

आपल्या हाताशी तर पुण्यातल्या शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे, जी १९४० पासून काम करते आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनलेल्या कागदात लिग्निनचा त्रास नसतो. त्याचा पातळ ताव घेऊन त्यावर झेरॉक्स काढावी. काळ्या टोनरमधील (झेरॉक्सच्या शाईच्या भुकटीतील) रंग मुख्यतः काजळीचा असल्याने तो उजेडातही टिकतो. झेरॉक्सवाले हातकागद यंत्रात घालायला कुरकुरतात, म्हणून कडा कापून सरळ कराव्यात आणि दुपारच्या निवांत वेळी जावे. आजीची पत्रे मात्र ट्रंकेतच असावीत.

चुन्याची भिंत यांचे उत्तर

वरील उत्तराचा आदर राखून असहमती नोंदवतो. पिकासोच्या त्याच चित्राभोवती गुंडाळलेला दोर खरा आहे, हे सांगायचे राहून गेले.

काही साहित्य प्रत काढता येण्यासारखे नसते. लॉस एंजेलिसचे चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड आईच्या केशभूषालयात काम करत. केस कुरळे करताना टोकांना लावतात ते पातळ कागद त्यांनी कॅनव्हासवर थरांनी चिकटवले, आणि पुढे रस्त्यावरची जाहिरातपत्रके चिकटवून, घासून, खरवडून मोठी चित्रे केली. त्या कागदांची झेरॉक्स काढली असती तर उरले काय असते? शीला गौडा यांनी १९९०च्या दशकात शेण आणि कुंकू यांना कलासाहित्य म्हणून हाताळले. १९९८ सालच्या त्यांच्या एका कामात सुयांमधून ओवलेले लांबच लांब दोरे कुंकू आणि गोंद यांनी लाल करून दोरखंडासारखे एकत्र केले आहेत. तेथे लाल रंग म्हणजे ते साहित्य हाताळणाऱ्या बाईचे श्रम आहेत. मूळचे चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील आणि आता पुण्यात काम करणारे प्रभाकर पाचपुते कोळशाने थेट भिंतीवर चित्रे काढतात. अशी भिंत प्रदर्शनानंतर पुसली जाते, हे काढतानाच ठाऊक असते.

चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांचे उदाहरण मला या सर्वांपेक्षा जवळचे वाटते. १९५०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून, बोटांनी कडा चाचपून कोलाज केले. कागद त्यांच्यापुरता दिसण्याची वस्तू राहिला नव्हता. तो जाडी, कड आणि घडी होता. आंतर्देशीय पत्राची घडी उघडताना गोंदाच्या पट्टीवर कागद जरासा फाटतो. तो फाटका काठ बोटाला लागतो. टोनरला लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की बारा चित्रांपैकी कोणत्या चित्राचे म्हातारपण तुम्हाला चालेल, ते आधी ठरवावे. वर्तमानपत्र तपकिरी होणार हे गृहीत धरून शेजारचा रंग निवडला, तर ते बिघडले असे कोणी म्हणणार नाही.

तिरपी रेघ

फाटक्या काठाचा मुद्दा मान्य. हळदीचा नाही. जे साहित्य पाच वर्षांत अदृश्य होते, त्यावर चित्राचा तोल उभा करणे हा धाडसापेक्षा निष्काळजीपणा अधिक आहे.

कात्रणवही

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी टिपकागद यांनी सांगितल्याप्रमाणे एका चित्राच्या कोपऱ्यावर ओलसर टिपकागद वीस मिनिटे ठेवून पाहिला. अॅक्रिलिकचा हात होता तेथे काहीच हलले नाही. रंग नव्हता तेथे एक पीएमटीचे तिकीट वरच्या अर्ध्या थरापर्यंत सुटले आणि उरलेला अर्धा थर गोंदासह बोर्डावरच राहिला. आता तिकिटाची छापील बाजू माझ्या हातात आहे आणि त्याची पाठ चित्रात आहे. ते तसेच ठेवणार आहे.

पत्रिकांपैकी तीन अजून चिकटवलेल्या नाहीत. त्यांच्या प्रती काढायच्या ठरवल्या आहेत, पण काळ्या टोनरमध्ये हळदीची बोटे राखाडी येतात. प्रतीवर बोटे पुन्हा उमटवायची झाल्यास पिवळी माती किंवा गेरूसारखा मातीचा रंग खळीत कालवून लावला, तर तो उजेडात टिकेल का, आणि खळीचे प्रमाण किती ठेवावे?

टिपकागद

मातीचे रंग टिकतात. दुधाइतक्या पातळ खळीत चिमूटभर पिवळी माती कालवावी आणि आधी हातकागदाच्या तुकड्यावर लावून वाळल्यावर बोटाने घासून पाहावे; भुकटी सुटली तर खळ थोडी वाढवावी. ब्रश मात्र घेऊ नये, बोटच बुडवावे.