फुकट आहे म्हणून वर्ग ओस पडतात? मुळीच नाही!

वाचनवेडी: काल इथे एकांनी लिहिलं, "वाचनालयातले संगणक वर्ग फुकट आहेत म्हणूनच ओस पडतात. अनामत घ्या, आपोआप भरतील." वाचून डोकं फिरलं. दोन वर्षं मी असा वर्ग घेते. लोक येत नाहीत ते लाजेपोटी. दारावर 'संगणक साक्षरता' लिहिलं की आत जाणारा निरक्षर ठरतो. आम्ही पाटी बदलली: 'मोबाइलमधले फोटो संगणकावर घ्यायला शिका'. एक संध्याकाळ, एकच काम. खुर्च्या कमी पडल्या. आणि नावनोंदणी फक्त ऑनलाइन ठेवणाऱ्यांना तर हात जोडते. ज्याला फॉर्म भरता येतो तो शिकायला कशाला येईल?

जुना कारकून: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. मी मदतीला जायचो त्या वर्गात पहिल्या दिवशी वीस जण, चौथ्या दिवशी तीन. लाज होती तर पहिल्या दिवशी कसे आले? उरलेले तिघेही संगणकावर पत्ते खेळत बसलेले. लोकांच्या पैशांवर पत्ते!

रात्रपाळी: पत्त्यांना नावं ठेवू नका. सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ 1990 साली विंडोज 3.0 बरोबर आला आणि माउसने धरायचं, ओढायचं, सोडायचं हे कितीतरी लोक त्यावरच शिकले. माझे वडील साठीनंतर वर्गाला गेले. दोन क्लिकच्या मध्ये त्यांचा हात हलायचा, फोल्डर उघडायचं नाही, नुसतं सरकायचं. शिकवणारा मुलगा दर वेळी त्यांच्या हातातून माउस घेऊन स्वतः उघडून द्यायचा. तिसऱ्या दिवशी वडील गेलेच नाहीत. घरी मी सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी केला आणि आठ दिवस त्यांना पत्ते खेळू दिले. हात बसला. चौथ्या दिवशी तीनच का उरतात ते कळलं?

जुना कारकून: आम्ही टंकलेखन शिकलो तेव्हा कोणी खेळ दिले नव्हते. बोटं दुखेपर्यंत तीच ओळ.

वाचनवेडी: तुमच्यापुढे नोकरी होती हो! सत्तरीच्या बाईंनी कशाच्या आशेवर बोटं दुखवायची? आमच्याकडे शिकवणाऱ्याने हात पाठीमागे ठेवून उभं राहायचं, माउसला शिवायचं नाही.

शेवटचा बाक: पत्त्यांवर किती भांडाल? वेळेचं बोला. आमच्याकडचे सगळे वर्ग सकाळी अकराला. मी कामावर असतो. तीनदा विचारलं, तीनदा "बघू" ऐकलं.

जुना कारकून: डबल क्लिकचा वेग कमी करता येतो हे मला ठाऊक नव्हतं, मान्य. अनामत सोडा. पण आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन गेलाच पाहिजे. आणि पत्ते पहिली दहा मिनिटं, पुढे एक डाव नाही.

रात्रपाळी: हात बसेपर्यंत. घड्याळ लावून नाही.

वाचनवेडी: फोन मी करतेच. शेवटचा बाक, तुमचं बरोबर आहे, आमचाही एक वर्ग अकरालाच असतो. तो संध्याकाळी घ्यायचं उद्या ग्रंथपालांशी बोलते.