समुद्राकाठच्या एसीचा ॲल्युमिनियम कंडेन्सर, ब्रेझिंगला (पाइप न वितळवता रॉड वितळवून जोडायला) कुठला रॉड?

मालवण_कूलिंग
मंडळी, किनाऱ्यालगतच्या एका होमस्टेचा एसी आलाय कामाला. आउटडोअरची कॉइल (कंडेन्सर) पूर्ण ॲल्युमिनियमची, यू-बेंडला बारीक लीकेज. दुकानात दोन रॉड दाखवले, एक झिंकवाला, आतच फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारी पूड) भरलेला, तो कमी आचेवर होतो म्हणे, आणि दुसरा ४०४७, तो महाग आहे. मालकांना पावसाआधी पाहिजे आणि पुन्हा खोलायला लागू नये असं काम पाहिजे. काय वापरू?

रत्नागिरी_एसी
दादा, ४०४७ च घ्या, खाऱ्या वाऱ्यात दुसरा विचार नको. त्यात सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी ॲल्युमिनियमच, म्हणजे जोड आणि पाइप जवळजवळ एका जातीचे. झिंकवाला (९८ टक्के झिंक, २ टक्के ॲल्युमिनियम) ३८० डिग्रीलाच वितळतो म्हणून काम सोपं जातं हे खरं, पण खारा ओलावा बसला की ॲल्युमिनियमच्या आधी झिंक गंजतं, जोड एवढासा आणि भोवती सगळी कॉइल, सगळा मार त्या जोडावरच येतो.

४०४७ ला हात मात्र बसलेला पाहिजे. तो ५७७ ते ५८२ ला वितळतो आणि पाइप ३००३ जातीच्या ॲल्युमिनियमचा असेल तर ६४३ पासून तोच वितळायला लागतो, मधे जेमतेम साठ डिग्री. त्यात ॲल्युमिनियम लाल होत नाही, बघता बघता पाइपच खाली बसतो. म्हणून नजर फ्लक्सवर ठेवा, पांढरी पूड ५७० च्या आसपास पाण्यासारखी नितळ होऊन पसरली की मगच रॉड टेकवायचा, आणि ज्योत रॉडवर धरायची नाही, पाइपच्या तापानेच तो वितळून आत ओढला गेला पाहिजे. फ्लक्स फ्लोराइडचा बिन-गंजणारा घ्या, क्लोराइडवाला गरम पाण्याने धुवावा लागतो आणि पाइपच्या आत गेलेला कसा धुणार?

देवगड_फॅब्रिकेशन
मधेच विचारतो, बोटीवरच्या ५०८३ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चीर गेलीय, तिला चालेल का हाच रॉड?

रत्नागिरी_एसी
नाही हो, ५०८३ मधे मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या वर, हा फ्लक्स त्याच्यापुढे चालतच नाही. टिगने वेल्डिंग करून घ्या, ५३५६ नाहीतर ५१८३ वायर.

मालवण_कूलिंग
आभारी आहे. कंप्रेसरकडून तांब्याची लाइन येते, तिचा ॲल्युमिनियमशी जोड पण संशयास्पद वाटतोय, तिथेही ४०४७ च?

कुडाळ_गॅसवाला
तिथे मात्र नको! तांबं आणि ॲल्युमिनियम मिळून ५४८ लाच वितळतात, ४०४७ लावेपर्यंत तांब्यालगतचा पाइप विरघळून जाईल. त्या जोडाला झिंकवालाच घ्या, वरून गोंदवाली हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) घट्ट बसवा, ओलावा शिरला की त्या जोडाचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि टॉर्च पेटवायच्या आधी एसीतला गॅस पूर्ण रिकव्हर करा (सिलिंडरमध्ये काढून घ्या), आर३२ गॅस पेट घेतो, आर२९० तर सरळ प्रोपेनच आहे.