शब्दचर्चा : मृत्युपत्रातली ‘कोम’, ‘वडील बंधू’ आणि आजीच्या ‘आत्याबाई’

पणजोबांचं मृत्युपत्र अखेर वाचून मिळालं. शके १८५३, म्हणजे इसवी सन १९३१-३२. वर ‘तालुके अमळनेर, जिल्हे पूर्व खानदेश’. कागद मोडीत होता, धुळ्याच्या एका जाणकारांनी बाळबोधीत उतरवून दिला. अक्षर लागलं, पण अर्थ लागत नाही, म्हणून इथे विचारतो.

आमच्या जुन्या धाब्याच्या घरात एक म्हातारी बाई राहत असे. माझी आजी तिला ‘आत्याबाई’ म्हणायची. त्यावरून चुलतभावाने वंशावळीत तिला पणजोबांची बहीण, म्हणजे आजोबांची आत्या म्हणून बसवलं. मृत्युपत्रात तिच्याबद्दल लिहिलंय ते असं (नावं गाळतो) : ‘…बाई कोम …, आमचे वडील बंधू मयत सबब हीस पूर्वेकडील एक खण तहहयात व दर साल दादर मण ४ व लुगडी २ द्यावी.’

‘कोम’ म्हणजे जात असं मला वाटलं, पण पुढे जातीऐवजी पुरुषाचं नाव आहे. ‘वडील बंधू’ म्हणजे वडिलांचे बंधू, असं चुलतभावाचं म्हणणं. तसं धरलं तर ती पणजोबांची काकू होते आणि वंशावळीत एक पिढी वर जाते. आणि धान्याच्या मापाने दादर कसला द्यायचा? जिना?

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागली आहे. आजोबांच्या नावाआधी ‘अज्ञान’ लिहिलंय, आणि त्यांच्या थोरल्या भावाचं तर नावच नाही. पणजोबांनी थोरल्याला तोडलं होतं का?

जळगावहून

‘कोम’ म्हणजे बायको. ‘अमुकबाई कोम तमुक’ म्हणजे तमुकची पत्नी किंवा विधवा. जुन्या सातबाऱ्यांत, फेरफारांत, मुंबई हायकोर्टाच्या जुन्या निकालांतल्या पक्षकारांच्या नावांतही हे सापडतं. त्याच अर्थाने ‘जोजे’ किंवा ‘जवजे’ येतं, ते अरबी. ‘भ्रतार’ लिहिलं असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. पुरुषांच्या बाबतीत ‘वल्द’ किंवा ‘बिन’, दोन्हींचा अर्थ ‘चा मुलगा’. हा ‘बिन’ आणि ‘बिनशर्त’मधला ‘बिन’ वेगळा. एका ओळखीच्या घरी ‘बिन’ वाचून मूळ पुरुष निपुत्रिक ठरवला होता, आणि त्याच्या खालच्या दोन फांद्या कागदावरून गेल्या.

‘कोम’ एवढ्यावरून बाई सधवा की विधवा ते ठरत नाही. तुमच्याकडे ‘मयत’ शब्द आहे, म्हणून विधवा धरा.

चाळीसगावहून

‘वडील बंधू’ म्हणजे थोरला भाऊ. ‘वडील’चा मूळ अर्थच वयाने मोठा. वडील बंधू, वडील भगिनी, वडील मुलगा. बाप हा अर्थ आज पुढे आला, पण जुना अर्थ ‘वडीलधारी’मध्ये अजून आहे. वडिलांचा भाऊ म्हणायचं असतं तर लेखकाने ‘चुलते’ लिहिलं असतं. दस्त लिहिणारी माणसं नात्याचा शब्द मोजून वापरत, कारण त्यावर हिस्सा ठरे.

मात्र ‘बंधू’ पाहून सख्खा भाऊच धरू नका. एकत्र कुटुंबात चुलतभावालाही सरसकट बंधू म्हणत. त्या नावापुढे ‘वल्द’ किंवा ‘बिन’ असेल तर बापाचं नाव पणजोबांच्या बापाशी ताडून पाहा.

यावलहून

दादर म्हणजे जिना नाही हो! दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. आमच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत अजून पेरतात, भाकरीला तिची चव निराळीच. चार मण दादर म्हणजे एका माणसाच्या वर्षाच्या भाकरीची बेगमी. लिहिणारा या मातीतला होता आणि बाई त्या घरात जेवणाखाणाला परकी पडू नये अशी त्याची इच्छा होती, एवढं तरी त्यातून दिसतं.

‘खण’ही जपून वाचा. चोळीचा खण वेगळा, घराचा खण वेगळा. इथे ‘पूर्वेकडील’ आहे, म्हणजे दोन खांबांमधला घराचा भाग.

नाशिकहून, मूळ पारोळा

तुमच्या ‘अज्ञान’बद्दल आधी सांगते, कारण ते मनाला लावून घेतलेलं दिसतं. दस्तात अज्ञान म्हणजे वयाने लहान, सज्ञान नसलेला. पुढे बहुतेक ‘अ. पा. क.’ असेल : अज्ञान पालनकर्ता किंवा पालनकर्ती. हा शब्द तर तुम्हाला उपयोगीच आहे. १८७५च्या कायद्याने सज्ञानतेचं वय साधारणपणे १८ धरलं होतं. म्हणजे शके १८५३ साली अज्ञान असलेले तुमचे आजोबा १९१३च्या आधी जन्मलेले नसणार.

थोरल्याचं नाव नाही म्हणून तोडलं असं मानू नका. मृत्युपत्र कशाचं आहे ते पाहा. त्यात ‘स्वकष्टार्जित’ शब्द आला असेल. एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे, ती मुभा १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आली. त्यामुळे जुनं मृत्युपत्र बहुधा माणसाने स्वतः कमावलेल्याबद्दलच बोलतं. वडिलोपार्जितात मुलाचा हक्क जन्मानेच होता, त्याला तिथे कागदाची गरज नव्हती. किंवा थोरला आधीच वाटणी घेऊन वेगळा निघाला असेल. वाटणीपत्र शोधा, फेरफार काढा, वारस नोंदी बघा. आपल्याकडे किती घरांत केवळ मृत्युपत्रात नाव नाही म्हणून ‘तो आपल्यातला नव्हताच’ असं बोललं जातं! मुलींचं तर विचारूच नका. लग्न होऊन गेलेली लेक कागदावर नाही म्हणून वंशावळीतूनही नाहीशी होते.

दस्त नोंदलेला असेल तर निबंधक कार्यालयात मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं असतं, क्रमांक ३. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्यालाच मिळते, त्याच्या पश्चात कोणीही अर्ज करू शकतो.

शिरपूरहून

मुख्य प्रश्न अजून राहिलाच. ती आत्या की भावजय?

तुमच्या घरी अहिराणी बोलत असतील तर आजीने आत्याला ‘आत्या’ कशाला म्हटलं असतं? आपल्याकडे बापाची बहीण म्हणजे फुई. ‘आत्याबाई’ हे सुनेच्या तोंडचं संबोधन आहे. सासूला आत्याबाई, सासऱ्याला मामंजी. सासूच्या जागची जी जी बाई, चुलतसासू धरून, ती आत्याबाईच. तेव्हा आजीचा शब्द आणि मृत्युपत्राचा शब्द एकमेकांविरुद्ध नाहीतच. पणजोबांच्या थोरल्या भावाची विधवा ती आजीची चुलतसासू, म्हणून आत्याबाई. आत्याबाई म्हणजे आत्या, असं पुढच्या पिढीने धरलं, तिथे घोळ झाला.

चाळीसगावहून

पटतंय, पण एक शंका. भाची सून करून आणणं आपल्याकडे नवीन नाही. आजीची खरी आत्याच आधी या घरात दिलेली असेल, आणि तिने भावाची मुलगी पुतण्यासाठी आणली असेल तर? मग ती आजीची आत्याही आणि चुलतसासूही. त्यावेळी दोन्ही नाती खरी. तसं असेल तर आजीच्या माहेरचं आडनाव आणि त्या बाईच्या माहेरचं आडनाव एकच निघेल.

शिरपूरहून

बरोबर. म्हणूनच घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा, पुरुषाला नको. आणि ‘ती आत्या होती का’ असं विचारू नका, ‘आजी तिला हाक काय मारायची आणि आजी फुई कोणाला म्हणायची’ असं विचारा.

मूळ प्रश्नकर्ता

काल माझ्या थोरल्या फुईला, म्हणजे आजीच्या मुलीला, फोन केला. ती नव्वदीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं, पण प्रश्न कळल्यावर लगेच म्हणाली : ‘मायनी फुई नही व्हती ती, चुलतसासू व्हती.’ आजीची फुई निराळी. ती चोपड्याकडे दिलेली होती आणि अक्षय तृतीयेला, आखाजीला, आजीच्या माहेरी यायची. पूर्वेच्या खणातल्या बाईचं माहेर साक्रीकडचं. आडनावंही वेगळी निघाली. म्हणजे चाळीसगावच्या भाऊंची शंका रास्त होती, पण आमच्या घरापुरती ती मिटली.

‘वल्द’ही ताडून पाहिलं. बापाचं नाव एकच, म्हणून सख्खा भाऊ. आणि पारोळ्याच्या ताई, दस्ताच्या पहिल्याच ओळीत ‘स्वकष्टार्जित’ आहे. मी ते वाचूनही पुढे गेलो होतो. थोरल्या आजोबांची वाटणी कधी झाली ते फेरफारात शोधायला पुढच्या आठवड्यात अमळनेरला जातोय. त्यांचं कुटुंब आता सुरतेला आहे, दोन पिढ्या बोलणं नाही. दस्ताची नक्कल त्यांनाही पाठवली.

फुईने आणखी एक सांगितलं. आत्याबाई गेल्या त्या वर्षीही त्यांची दादर वेगळ्या कणगीत भरलेली होती. आजीने ती कोणाला दळू दिली नाही, तेराव्याला गावजेवणात घातली.