भंडारदऱ्याचे धबधबे: नेमके कधी जावे, काय चालू असते, काय बंद?

पागोळी

ठाण्याहून दोन दिवस भंडारदऱ्याला जायचा बेत आहे. गाडी घरची. सोबत सत्तरीचे आई-बाबा (बाबांचा गुडघा कुरकुरतो) आणि सात वर्षांची मुलगी. धबधब्याखाली भिजायची हौस नाही, पण धबधबे नीट बघायचेत आणि थोडं रानही. चार प्रश्न:

१. पंधरा ऑगस्टला जोडून जावं की सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात?
२. अंब्रेला फॉल धो धो पावसातही कोरडा असतो आणि कधी उघडीप असताना जोरात चालू असतो, असं दोन्ही ऐकलंय. हे कसं?
३. फार न चालता दिसणारं काय आहे?
४. मुलीला पाण्यात पाय बुडवता येतील अशी जागा?

---

घाटवाट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो कळला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं. भंडारदऱ्यात तीन वेगवेगळ्या 'नळां'चे धबधबे आहेत आणि लोक सगळ्यांना एकाच मापाने मोजतात.

पहिला अंब्रेला. हा पावसाचा धबधबा नाहीच. विल्सन धरणाच्या (म्हणजेच भंडारदरा धरणाच्या) मोरीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सोडलेलं पाणी खालच्या गोलसर कातळावर आदळून छत्रीसारखं चहूबाजूंनी पसरतं, तो अंब्रेला. मोरी बंद, धबधबा बंद; मग वर कितीही कोसळो. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) जरा वर. जुलैत धरण भरत असताना पाणी साठवायचं असतं, त्यामुळे मोरी सहसा उघडत नाहीत. पण शंभर टक्के भरेपर्यंत थांबतात असंही नाही. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची हे ठरलेलं असतं, त्याच्या वर गेलं की सोडतात. शिवाय सांडव्यावरून जाणारं पाणी वेगळं. बातमीत 'भंडारदऱ्यातून विसर्ग' असं आलं म्हणजे अंब्रेला चालू झाला, असा अर्थ काढू नका. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेंडीत (धरणाजवळचं गाव) मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून सरळ विचारा, "अंब्रेला चालू आहे का?" दुसरा खात्रीचा उपाय नाही.

दुसरा रंधा. हा नदीचा धबधबा, सुमारे १७० फुटांचा, शेंडीपासून प्रवरा नदीच्या खालच्या अंगाला दहाएक किलोमीटरवर. याला दोन ठिकाणचं पाणी मिळतं: भंडारदऱ्यातून सुटलेलं आणि कळसूबाईच्या उतारावरून येणाऱ्या कृष्णवंतीचं. त्यामुळे भंडारदरा अर्धं भरलेलं असतानाही, वाकीचं छोटं धरण ओसंडून कृष्णवंती वाहू लागली की रंधा चालू होतो. धरणातूनही विसर्ग असेल तर मग तो बघायचा नसतो, ऐकायचा असतो. विसर्गाच्या बातमीतल्या क्युसेकच्या आकड्याने गोंधळायला होतं म्हणून हिशोब सांगतो: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर.

तिसरे, जलाशयाभोवतीच्या कड्यांवरून पडणारे शेकडो. यांना नावं असोत-नसोत, खरं भंडारदरा हेच. हे निव्वळ पावसावर चालतात. पाणलोट इवलासा, माती पातळ, खाली कातळ. जोराची सर आली की अर्ध्या तासात फुगतात, पाऊस थांबला की काही तासांत बारीक होतात. दोन दिवस उघडीप पडली तर त्यातले निम्मे गायब.

आता महिना. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टची सुरुवात म्हणजे पाणी सर्वाधिक, पण धुकंही सर्वाधिक. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहून समोर फक्त पांढरा पडदा बघायची तयारी हवी. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धरण भरत आलेलं, पाऊस सरीसरींचा, मध्ये ऊन, दऱ्या उघड्या. कड्यांवरच्या धारा थोड्या बारीक, पण दिसतात तरी. तुमच्या मंडळींना माझं मत सप्टेंबर, आणि तेही सोमवार ते गुरुवारात कुठेतरी. पंधरा ऑगस्टला जोडून अजिबात नको. जलाशयाभोवतीचा रस्ता अरुंद, त्यात दोन बस समोरासमोर आल्या की तासभर गाडीतच. गर्दीच्या दिवसांत एकेरी वाहतूकही लावतात, दिशा शेंडीतच विचारून घ्यावी.

मार्ग: कसारा घाट, इगतपुरी, घोटीला उजवीकडे वळून बारीवरून शेंडी. घोटीपासून पस्तीसएक किलोमीटर. पेट्रोल आणि रोख दोन्ही घोटीतच घ्या.

न चालता दिसणारं: रंध्याला कठड्याच्या आतून दिसतं, पायऱ्या आहेत पण बाबांनी सगळ्या उतरायची गरज नाही. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ. अंब्रेला धरणाच्या पायथ्यालाच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच जलाशयाची फेरी: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल, परत शेंडी. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, पण थांबत थांबत पाच-सहा तास धरा. रतनवाडीत अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आणि पुष्करणी बघाच, दोन्ही सपाटीवर. साम्रदजवळच्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नसतं. ती दरी म्हणजे चिंचोळी घळ आहे, वरचं सगळं पाणी तिच्यातूनच जातं.

---

कातळपाय

चौथ्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर: नाव असलेल्या एकाही धबधब्याच्या कुंडात नाही. रंध्याच्या काठावर तर मुलीचा हात सोडूसुद्धा नका.

पोहता येणारेही बुडतात याचं कारण लोकांना माहीत नसतं. धबधबा जिथे आदळतो तिथलं पाणी पांढरं दिसतं ते हवेच्या बुडबुड्यांमुळे. असं फेसाळ पाणी साध्या पाण्याहून हलकं, त्यात शरीर तरंगत नाही आणि हात मारले तरी पकड मिळत नाही. शिवाय वरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुढे वर येतं आणि त्यातलं काही पृष्ठभागावरून परत धारेकडेच ओढलं जातं. काठाला यायला धडपडणारा माणूस पुन्हा धारेखाली जातो. तळाला रांजणखळगे (पाण्याने कोरलेले खड्डे) असतात, त्यात पाय अडकतो तो वेगळाच.

धारेखाली डोकं धरून उभं राहणं ही दुसरी आवडती चूक. पाण्याबरोबर वरून दगड येतात. मुठीएवढा दगड शंभर फुटांवरून आला तर टोपीने काही होत नाही.

आणि लोंढा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतो, वर घाटघर-रतनवाडीला पडत असतो. शेंडीत भुरभुर आणि घाटघरला मुसळधार हे तिथलं रोजचं चित्र आहे. ओढ्यात असाल तर या खुणा बघा: नितळ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागणं, आवाज जाडा होणं, मघाशी उघडा असलेला दगड बुडणं. यातली एकही दिसली की सामान सोडा आणि बाजूच्या चढावर जा. ओढ्याच्या कडेने खाली पळू नका, लोंढा तुमच्यापेक्षा वेगाने येतो. मधल्या खडकावर उभं राहून 'ओसरेल' म्हणून थांबणं तर सगळ्यात वाईट. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते असेच प्रवाहाच्या मधोमध अडकून.

मुलीला पाय बुडवायचेच असतील तर जागा अशी शोधा: रस्त्यालगतचा ओहोळ, पाणी घोट्याच्या खाली, वरची अख्खी उतरंड डोळ्यांना दिसते आणि खालच्या बाजूला कडा किंवा मोरी नाही. चारही अटी पुऱ्या झाल्या तरच. मोठ्यांचं गुडघाभर पाणी म्हणजे तिचं कमरेएवढं, हे लक्षात असू द्या.

निघायच्या दिवशी हवामान खात्याचा इशारा अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) आणि नाशिक दोन्ही जिल्ह्यांचा बघा, कारण घाटमाथा सरहद्दीवर आहे. ऑरेंज म्हणजे साधारण ११५ ते २०४ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस चोवीस तासांत, रेड त्याच्याही वर. ऑरेंज असेल तर जलाशयाची फेरी रद्द करून रंधा बघा आणि हॉटेलात भजी खा. रेड असेल तर घरीच. जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातलेली असते तेव्हा नाक्यावरून परतावं लागतं, तेही निघण्याआधी तपासा.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर टायरच्या निम्म्याच्या वर असताना गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं.

---

रानहळद

वरच्या दोघांनी पाण्याचं सांगितलं, मी पाण्याच्या कडेचं सांगते. तुम्ही 'थोडं रान' लिहिलंय म्हणून.

आधी धबधब्यामागचा कातळ बघा. आडवे थर दिसतील. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबूस, मऊ पट्टा असतो. तो आधी झिजतो, वरचा कठीण कातळ पुढे आलेला राहतो आणि पाणी पायरीपायरीने उड्या मारतं. मुलीला पायऱ्या मोजायला लावा, गंमत येते.

फुलांसाठीसुद्धा सप्टेंबरच. ऑगस्टमध्ये रानहळद, सापकांदा संपत आलेले असतात, भारंगी आणि कळलावी भेटते. सप्टेंबरात तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी आणि ओलसर माळावर कवळा. कवळ्याच्या पाकळ्यांवरचे दोन लाल ठिपके जवळून बघा. कारवी मात्र दरवर्षी फुलत नाही, सात-आठ वर्षांतून एकदाच, तेव्हा तिच्या नादाने जाऊ नका. फुलं बघायला बांधावर उभं राहायचं. माळावर गाडी किंवा चटई घातली की त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी फूल कमी.

धबधब्याच्या आवाजात कोणीतरी माणूस निवांत शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. गाणं ठरलेल्या चालीचं नसतं, भरकटलेलं असतं. पहाटे उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी जास्त. दिसायला निळसर काळा, ओढ्यातल्या दगडावर शेपूट उघडझाप करत बसतो. पाच मिनिटं गप्प उभे राहिलात तर दिसतो, स्पीकर लावलात तर नाही.

एक सावधगिरी. घसरायला झालं की हात आपसूक झुडपाकडे जातो. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या झुडपात चापडा बसलेला असतो, हिरव्या फांदीवर हिरवा साप, हलत नाही आणि दिसतही नाही. विषारी आहे. फांदी बघून मगच धरा, नाहीतर सरळ खाली बसा. बसून घसरलेलं बरं.

जळवा इथे आंबोली-कोयनेच्या मानाने कमी. लागलीच तर ओढून काढू नका. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवून सोडवा, मग जाड टोक. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण ते गोठू न देणारा पदार्थ तिच्या लाळेत असतो. धुवा, कापूस दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही.

---

पागोळी

तिघांचेही आभार. मग सप्टेंबरचा मंगळवार-बुधवार पक्का. दोन उरलेले: आई-बाबांच्या पायात काय घालावं? आणि मोबाईलवर धबधब्याचा फोटो नेहमी पांढरा डाग येतो, त्याचं काय?

---

कातळपाय

पायात: मऊ रबराच्या, खोल खाचांच्या तळाचे बंद बूट. ओल्या कातळावर मऊ रबर धरतं, कडक प्लॅस्टिक सरकतं. खाचा झिजलेले जुने स्पोर्ट्स शूज सगळ्यात धोक्याचे, कारण ते बूट असल्याचा भास देतात. शेवाळावर मात्र कुठलाच तळ धरत नाही. काळा-हिरवा तुळतुळीत दगड टाळायचा, खडबडीत राखाडी निवडायचा, पाऊल सपाट टाकायचं, टाच आधी नाही. बाबांना रबरी टोकाची काठी द्या. उतरताना काठी आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना चांगला पाय आधी. छत्री नको, वाऱ्याला उलटते आणि एक हात अडकतो, पोंचो घ्या. सुके मोजे दोन-दोन जोड, गाडीतच ठेवायचे.

---

घाटवाट

फोटो: मोबाईल काळ्या कातळाच्या हिशोबाने उजेड वाढवतो, म्हणून पाणी जळतं. स्क्रीनवर पाण्याच्या धारेवरच बोट टेकवा, मग उजेडाची पट्टी खाली ओढा, धारेतले धागे वेगळे दिसेपर्यंत. कातळ काळपट झाला तरी चालेल, तो नंतर उजळता येतो. जळलेलं पांढरं परत येत नाही. रेशमासारखं पाणी हवं असेल तर प्रो मोडमध्ये आयएसओ सर्वांत कमी, शटर पाव ते अर्धा सेकंद, मोबाईल कठड्यावर टेकवून आणि तीन सेकंदांचा टायमर लावून. भर उन्हात हे जमत नाही, ढगाळ सकाळ हवी.

आणि एसी लावलेल्या गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका, थंड काचेवर दव धरतं. मोबाईल दहा मिनिटं खिशात राहू द्या. रंध्याला तुषार कठड्यापर्यंत येतात, तेव्हा पुसायला सुती रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत सुका ठेवा.