प्रति: आधी वॅक्स की आधी सीलंट?

गाडीच्या रंगाला जपायला आधी काय लावायचं, या प्रश्नावर वर दोघांनी आधी वॅक्स आणि त्यावर सीलंट असं सुचवलंय. माझं मत नेमकं उलट. सिंथेटिक सीलंटला (रंगावर लावायचा कृत्रिम संरक्षक थर) धरायला स्वच्छ, तेलकटपणा नसलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, लागतो. कार्नोबा वॅक्सवर (झाडापासून मिळणारं मेण) सीलंट नीट बसत नाही, आणि खालचं वॅक्स उतरलं की तेही जातं. म्हणून सीलंट खाली, वॅक्स वर. मधे किती तास थांबायचं ते बाटलीवर दिलेलं असतं, तेवढं थांबा.

पण खरा घाम गाळायचा तो त्याआधी. गाडी धुऊन झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, हवाच. भरपूर ल्यूब (क्ले घसरावा म्हणून मारायचा निसरडा द्रव) मारून, अजिबात जोर न लावता. तुकडा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, धुऊन वापरायची कंजुषी नको. ब्रेकच्या धुळीचे कण असतील तर आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव) क्लेच्याही आधी. तो जांभळा होऊन ओघळायला लागला की समजा काम करतोय, पण पत्र्यावर सुकू देऊ नका.

पॉलिश क्लेनंतर, तेही ओरखडे असतील तरच. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, आणि प्रत्येक पॉलिश त्यातलाच थोडा खाते. दर दिवाळीला पॉलिशचं मशीन फिरवायची हौस असलेल्यांनी जरा आवरा. पॉलिशचं मागे राहिलेलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाणी घातलेल्या मिश्रणाने पुसल्याशिवाय सीलंटला हात लावू नका.

आणि हे सगळं सावलीत, पत्रा थंड असताना.